समास

वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारामागे समुद्रसिंह
दिवसभर भांडल्यासारखे ओरडतात.
विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचा आवाज येतो,
नीबाल्दोपर्यंत येत नाही.
म्हणून मला महिन्याला थोडे पेसो मिळतात:
भूकंपशास्त्र, मंगळवार आणि गुरुवार,
एकीनं दोघांचं ऐकायचं,
पानाखाली कार्बन घालून लिहायचं.
वरची प्रत त्याची. खालची, निळसर, माझी.

पहिले दोन आठवडे मी काही म्हणता काही सोडलं नाही.
इनोस्त्रोसा बाई नुसत्या खाकरल्या तरी माझं पेन हलायचं.
‘तर मग’, ‘म्हणजे असं की’, ‘मागच्या वेळी पाहिलं तसं’...
तासाला अकरा पानं.
मनगटात कळ, डोक्यात खडखडाट.
नीबाल्दोचे वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करतात;
त्याच नजरेनं त्यानं पानं उलटीपालटी केली
आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
‘बाई सगळ्या आल्यात. तू कुठेयस, यास्ना?’

राग आला. खोटं कशाला बोलू.
गुरुवारी सूड म्हणून दिलं दीड पान:
शब्द, बाण, शब्द, बाण, एक चौकट.
त्यानं एका बाणाभोवती गोल काढला.
‘हा कुठून निघाला?’
मला सांगता येईना.
तिथे बाण शोभत होता, म्हणून काढला होता.

‘आणि दहा वीसला सगळे हसले. ते कुठेय?’

विनोद कशाला लिहायचा?
लिहिला, नाइलाजानं, समासात:
बाई म्हणाल्या, पहिली लहर दार ठोठावते,
दुसरी दारच मोडून आत येते.
तो हसला, एक दिवस उशिरा, एकटाच,
रिकाम्या कॅन्टीनमध्ये, इतक्या मोठ्यानं
की काउंटरवरची सेन्योरा दचकली.
त्या अकरा पानांतलं मला आज काही आठवत नाही.
दार आठवतं.

इथल्या कुरणांवर टिटव्या असतात.
टिटवी धावते, थबकते, मान तिरपी करते,
आणि सबंध कुरणातून एक किडा टिपते.
टिपणं म्हणतात ते हेच असावं.
मी आपली गवतासकट कुरण उपटून
वहीत भरत होते.

हळूहळू समास रुंद झाला.
डावीकडे तीन बोटं जागा, कोरी.
संध्याकाळी वही मिटायची,
आठवेल तेवढंच त्या जागेत उतरवायचं,
न आठवलेल्याचा खड्डा तसाच ठेवायचा,
दिसला पाहिजे.
कधी नुसतंच ‘का?’
कधी ‘इथे मला झोप लागली.’
त्या झोपेखाली नीबाल्दोनं दोन रेघा ओढल्या,
महत्त्वाच्या गोष्टीखाली ओढतात तशा.

जूनमधला गुरुवार. शेगडी पेटलेली, काचांवर वाफ.
दोन लहरींमधल्या वेळावरून अंतर कसं काढायचं,
बाई सांगत होत्या,
आणि मी मान खाली घालून, जुन्या सवयीनं,
शब्दन् शब्द उतरवत होते.
नीबाल्दोचा तळवा बाकावर पालथा होता.
त्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं
आणि माझ्या समासात लिहिलं:
‘११:०४. ठोठावतंय.’

मी कान दिला. काही नव्हतं.
समुद्रसिंह गप्प झाले होते, एवढंच.
तो एकेक बोट उघडू लागला.
नवव्या बोटाला दिवे झुलले,
खिडक्या दातांसारख्या वाजल्या,
कुणाचा तरी थर्मास गडगडत पायऱ्या उतरला.
कुणी उठलं नाही. एवढ्याला इथे उठत नाहीत.
बाईंनी एका हातानं प्रोजेक्टर धरून ठेवला.
नीबाल्दो लिहीत होता:
‘नऊ गुणिले आठ. बहात्तर किलोमीटर.
बहुतेक समुद्रात.’

त्या दिवशी वरचं पान मी मागून घेतलं.
निळसर प्रत त्याच्याकडे आहे.